लढाईतल्या गाडीचे ब्रेक

ब्रेक लागला तर मिस्त्रीचं नाव कुणी काढत नाही. लागला नाही तर पहिलं नाव मिस्त्रीचंच निघतं. इंजिनवाल्याचं तसं नसतं. इंजिन चांगलं बोलायला लागलं की मालक खूश होऊन सगळ्यांना चहा सांगतो. रंगवाल्याचं काम तर लोक रस्त्यात थांबून बघतात. मी उभी हयात ब्रेकची आणि स्टेअरिंगची कामं केली, त्यामुळं कौतुकाची सवय मला लागली नाही. शिव्यांची लागली.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझी पत्र्याची शेड होती. आत एक खड्डा, एक लाकडी फळी, भिंतीला टांगलेले पाने. दारावर पाटी होती, ‘बाबालाल मिस्त्री, ब्रेक व स्टेअरिंग’. आजूबाजूला लेथवाले, फौंड्रीवाले, गाडीचे पाटे म्हणजे स्प्रिंगा बसवणारे. एखादा पार्ट बाजारात मिळाला नाही तर चार शेडी फिरलं की तयार होऊन हातात यायचा. त्या काळी उद्यमनगरात ‘होत नाही’ असं म्हणणं कमीपणाचं होतं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एकदा सिनेमाच्या स्टुडिओतला एक माणूस गाडी घेऊन आला आणि म्हणाला, “मिस्त्री, ही थांबताना किंचाळली पाहिजे.”

मी म्हटलं, “पावणं, किंचाळू नये म्हणून लोक माझ्याकडं येत्यात.”

पण त्याला तसंच पाहिजे होतं. मी ब्रेकचे लायनर घासून काचेसारखे गुळगुळीत केले. गाडी अशी ओरडली की शेजारच्या लेथवरची माणसं काम सोडून बाहेर आली. पुढं तो सिनेमा बघितला, तर आवाज भलताच घातलेला.

असल्या गोष्टी पुष्कळ आहेत. या अंकासाठी त्याच लिहा, वाचणाऱ्याला गंमत वाटेल, असं मला सांगण्यात आलं. पण लिहायला बसलो की माझ्यासमोर एकच गाडी येऊन उभी राहते. तिचं सांगितल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही.

ती आप्पासाहेबांची. आप्पासाहेबांची उचगावच्या वाटेला लाकडाची वखार होती आणि वखारीत करवत. शाहूवाडीकडच्या डोंगरातून ओंडके यायचे. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक त्यांच्या वडिलांनी घेतली होती. अमेरिकन पिकअप. पुढं दोन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, आणि चारही चाकांना ओढ. साध्या गाडीत मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती वाट दाखवतात. हिच्यात एक दांडा ओढला की पुढची चाकंही ओढायला लागत. पावसाळ्यात जिथं बैल बसत, तिथून ही ओंडके घेऊन वर येई. पण लष्करानं ती चढायला केली होती. उतरायचं कसं, याचा विचार त्यांनी फारसा केला नसावा. ब्रेक नावाला होते. स्टेअरिंग डाव्या बाजूला, अमेरिकन पद्धतीचं, आणि झिजून इतकं ढिलं झालेलं की चाक हलण्याआधी हात अर्धा फिरून येई.

तिच्यावर ज्ञानू ड्रायव्हर होता. राहायला कळंब्याला, अंगानं बारीक, बोलायला तिखट. पहिल्यांदा गाडी घेऊन आला तेव्हा आप्पासाहेब शेजारी बसले होते. ज्ञानूनं उतरून मला स्टेअरिंग हलवून दाखवलं.

“बघा मिस्त्री. बैल बरा. कासरा ओढला की मान तर वळवतो.”

आप्पासाहेब हसले. म्हणाले, “बाबालाल, आबांची गाडी हाय ही. मोडीत घालवत न्हाय मला. काय करायचं त्ये कर, पण घाटातनं नीट खाली आली पायजे.”

आप्पासाहेबांबद्दल वाईट लिहिणं मला सोपं नाही. मोठा माणूस, पण माझ्या शेडीत स्टुलावर बसून शेंगा खायचा. ईदला घरी यायचा, शिरखुर्म्याची वाटी रिकामी करून दुसरी मागायचा. त्यांच्या घरी पहिला गूळ आला की एक ढेप माझ्याकडं यायची. माझ्या वडिलांच्या मयताला त्यांनी खांदा दिला होता.

मी त्या गाडीवर जीव लावून काम केलं. मोडीत निघालेल्या एका मोठ्या ट्रकचे ब्रेकचे रुंद ड्रम आणि शू आणले. ते या आसाला सरळ बसत नव्हते, म्हणून लेथवर कड्या करून घेतल्या. तेलाच्या सगळ्या नळ्या नव्या टाकल्या. मग बूस्टर लावला. बूस्टर म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पेट्रोलचं इंजिन हवा आत खेचतं, तेव्हा त्याच्या नळीत एक ओढ तयार होते. तोंडानं बाटलीतली हवा ओढली की जीभ चिकटते, तशी. ती ओढ एका डब्यात आणली की डबा ड्रायव्हरच्या पायाला मदत करतो. पाय थोडा दाबायचा, बाकीचा जोर डबा लावतो. बूस्टर नसला तरी ब्रेक लागतो, पण सगळा जोर पायाचा. रिकाम्या गाडीला पायाचा जोर पुरतो. ओंडक्यांनी भरलेल्या, उताराला लागलेल्या गाडीला पुरत नाही.

स्टेअरिंगनं जास्त घाम काढला. मी ते डावीकडून उजवीकडं आणलं, म्हणजे घाटात ड्रायव्हरला पुढचं दिसावं. स्टेअरिंगची पेटीही नवीन पद्धतीची बसवली, आत पोलादी गोळ्या फिरतात, चाक हलकं होतं. पण पुढच्या आसालाही ओढ असल्यामुळं मधे त्याचा मोठा गोळा येतो, आणि स्टेअरिंगचा दांडा त्याला घासायला लागला. शेजारचा म्हणाला, दांडा तापवून वाकव आणि वेल्डिंग मार. मी ते कधीच केलं नाही. स्टेअरिंगच्या दांड्याला वेल्डिंग करणाऱ्यानं गाडीत स्वतः बसावं. मी नवा दांडा घडवून घेतला. मग बघितलं तर खड्ड्यात पाटा दबला की स्टेअरिंग आपोआप वळत होतं. पेटी काढली, खाली घेतली, परत बसवली, परत काढली. दांडा आणि पाटा एका रेषेत आले तेव्हा कुठं ते थांबलं.

जोतिबाच्या उतारावर आम्ही तिची परीक्षा घेतली. हौद्यात वाळू भरलेली. आप्पासाहेब मागं मोटारीतून. भर उतारात मी ज्ञानूला म्हटलं, “हात सोड आणि ब्रेक दाब.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, हात सोडले, पाय दाबला. गाडी जराही इकडं तिकडं न जाता उभी राहिली. ज्ञानूनं हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, “मिस्त्री, आता रातीला झोप लागंल मला.”

“घरात लागू दे. गाडीत नको,” मी म्हटलं.

काही वर्षं ती गाडी तशी चालली. ज्ञानू वरचेवर यायचा, मी लायनर बघायचो, तेल बघायचो. उद्यमनगरात ती उभी राहिली की नवे मिस्त्री खाली वाकून दांडा बघून जायचे. मला बरं वाटायचं. लपवत नाही.

मग पेट्रोल महागलं. ज्याच्या त्याच्या तोंडी डिझेल. जुन्या गाड्यांची पेट्रोलची इंजिनं काढून डिझेलची बसवणारे गल्लोगल्ली झाले. आप्पासाहेबांनीही तेच केलं. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं, इंजिन माझं काम नव्हतं. पण एके दिवशी दुपारी ज्ञानू गाडी घेऊन आला आणि उतरता उतरता म्हणाला, “मिस्त्री, पेडल दगड झालंय.”

मी बॉनेट उघडलं. बूस्टरची रबरी नळी दुमडून तारेनं बांधलेली होती. तिचं दुसरं टोक जोडायला जागाच नव्हती. डिझेलचं इंजिन पेट्रोलसारखी ओढ देत नाही. त्याला वेगळा पंप लागतो, इंजिनाबरोबर फिरणारा, तो ओढ तयार करतो. इंजिन बसवणाऱ्यानं पंप लावलाच नव्हता. नळी लोंबकळत होती म्हणून बांधून टाकली, झालं. माझा बूस्टर जागेवर होता, पण नुसता डबा होऊन.

मी ज्ञानूला घेऊन तसाच वखारीत गेलो. आप्पासाहेब करवतीपाशी उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

“थांबती का न्हाय गाडी?” त्यांनी विचारलं.

“रिकामी थांबती. भरलेली उतारावर थांबायची न्हाय, आप्पासाहेब.”

“पंप कुठं मिळतो?”

“पुण्या-मुंबईला मिळंल. मी आणतो. गाडी चार दिवस उभी करा.”

ते ओंडक्यांच्या थप्पीकडं बघत राहिले. थप्पी खाली गेली होती. “पावसाच्या आधी माल खाली आला पायजे, बाबालाल. हंगाम संपू दे, मग लावू. तवर ज्ञानू दुसऱ्या गेअरात आणंल. काय रे?”

“व्हय,” ज्ञानू म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. “कशाला व्हय म्हटलास? बसू नकोस त्या गाडीवर.”

“मी न्हाय म्हटलं तर उद्या दुसरा बसंल की. त्येला तर पेडलचं म्हाईतबी नसंल.”

मी परत आत गेलो आणि आप्पासाहेबांना पुन्हा तेच सांगितलं. या वेळी ते जरा चिडले. म्हणाले, “तुझं काम तू केलंस, आता माझं मला करू दे.”

पावसाच्या तोंडावर गाडी गेली. आंबा घाटाकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, वखारवाल्याची लष्करी गाडी डोंगरावर आपटली, माणूस मेला. मी हातातला पाना टाकून सरकारी दवाखान्यात गेलो.

मेला होता दगडू. ओंडक्यांवर बसून येणारा हमाल, उचगावचा, घरी बायको आणि लेकरं. ज्ञानू खाटेवर होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला होता. मला बघून त्यानं हात पुढं केला, मी तो धरला.

“दोनी पाय दिलं पेडलवर,” तो म्हणाला. “गेअरबी निसटला. डावीकडं दरी, मग उजवीकडं डोंगरावर घातली. तुमचं स्टेअरिंग हाताला आलं म्हणून वळली. न्हायतर सगळीच गेलतो.”

“दगडू?”

“वरनं फेकला गेला.” मग तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “तुमी सांगिटलतं.”

हे शब्द त्याचे. माझ्या कानांनी ऐकलेले. तिथं तिसरं कुणी नव्हतं.

चौकशीला आलेला मोटार खात्याचा अधिकारी जाणता होता. त्यानं गाडी खालून वरून बघितली, माझ्या शेडीत येऊन बसला आणि सरळ बोलला. “बूस्टरला ओढ नव्हती, ते मला दिसलं. नळी कोणी बांधली, हा प्रश्न आहे. इंजिनवाला म्हणतो, आधीपासूनच बांधलेली होती. मालक म्हणतात, आम्हाला यातलं कळत नाही. आता ड्रायव्हर काय सांगतो ते बघू.”

ज्ञानू कुबडीवर चालायला लागल्यावर आम्हाला चौकीत बोलावलं. आप्पासाहेब आधीच येऊन बसले होते. ज्ञानू त्यांच्याच मोटारीतून आला होता. मला वाटलं, बरं झालं, आता होईल मोकळं. फौजदारानं विचारलं, “पेडल कधीपासून जड होतं?”

ज्ञानू टेबलाच्या कडेकडं बघत म्हणाला, “मिस्त्रीनं ब्रेक बदललं, तवापासनं.”

“इंजिन बदलल्यावर नव्हे?”

“न्हाय. आधीपासनंच.”

मी म्हटलं, “ज्ञानू, दवाखान्यात काय म्हणालास?”

“मी शुद्धीत नव्हतो,” तो म्हणाला.

मी आप्पासाहेबांकडं बघितलं. त्यांनी डोळे चुकवले नाहीत. उलट फार मायेनं बोलले. “बाबालालचा हात चांगला हाय, साहेब. वाईट माणूस न्हवं. पण जुन्या गाडीचं मूळचं काढायला नको हुतं. स्टेअरिंग तरी डावीकडंच ठेवायचं, ज्ञानूचा पाय तर वाचला असता.”

रागानं बोलले असते तर मला तोंड देता आलं असतं.

ज्ञानूनं असं का केलं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. माणूस मेला होता. चूक ब्रेकची नसली तर ड्रायव्हरची, आणि चूक ड्रायव्हरची म्हणजे तुरुंग. कळंब्यालाच तुरुंग आहे, तिथं राहणाऱ्या माणसाला त्याची भिंत रोज दिसते. शिवाय पाय गेलेला ड्रायव्हर पुढं काय करणार? आप्पासाहेबांनी त्याला वखारीच्या फाटकावर बसवायचं कबूल केलं होतं. मालकाविरुद्ध बोलून तो खाणार काय? हे सगळं मला समजतं. तू त्याच्या जागी असतास तर, असं लोक मला म्हणतात. मी त्याच्या जागी नव्हतो. मी माझ्या जागी होतो, आणि तिथं मला कुणी राहू दिलं नाही.

कोर्टात खटला रेंगाळला. शेवटी कुणावरच काही शाबीत झालं नाही. सगळे सुटलो. पण कोर्टातनं सुटलेला माणूस बाजारातनं सुटत नाही. गिऱ्हाईक शेडीपर्यंत यायचं, पाटी वाचायचं आणि पुढं जायचं. एकदा माझ्या देखत एका मिस्त्रीनं परगावच्या ट्रकवाल्याला सांगितलं, “पावणं, तिकडं नको. त्यो ब्रेकवाला त्योच.” हा मिस्त्री पूर्वी वाकून माझा दांडा बघून जायचा.

सगळ्यात जड गेला तो वेगळाच दिवस. दगडूची बायको शेडीत आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, “त्ये तुमीच का?”

मी तिला बसायला फळी दिली. ती बसली नाही. मी तिला सगळं समजावून सांगितलं, पेट्रोलची ओढ, डिझेलची नसलेली ओढ, बांधलेली नळी. खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “मला त्यातलं काय कळत न्हाय. ज्ञानूदाजी म्हणालं, तुमी.”

एवढं बोलून ती गेली. तिला शिव्या द्यायच्या होत्या, असं मला वाटत नाही. नुसतं बघायला आली असावी, माणूस कसा दिसतो ते.

त्या वर्षी मी पाटीवरची ‘ब्रेक व स्टेअरिंग’ ही अक्षरं रंगानं झाकली. लोखंडी गेट, खिडक्यांचे गज, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, असली कामं घ्यायला लागलो. गेट कुणाला मारत नाही. पोट भरलं, मुलांची शिक्षणं झाली. ती गाडी भंगारात गेली. आप्पासाहेब रस्त्यात दिसले की हात करायचे. ईदला मात्र पुन्हा आले नाहीत. ते वारले तेव्हा मी मयताला गेलो. गर्दीत मागं उभा राहिलो आणि परत आलो.

काही वर्षांनी, एका सकाळी, दारात एक टेम्पो येऊन थांबला. चालवत होता एक मिशा फुटलेला गडी, शेजारी ज्ञानू. केस पांढरे झाले होते. कुबडी टेकत उतरला, शेडीत आला, ट्रॉलीच्या सांगाड्यावर हात ठेवून उभा राहिला.

“थोरल्यानं टेम्पो घेतलाय,” म्हणाला. “जुना हाय. ब्रेक बघा तेवढं.”

“मी ब्रेकचं काम करत न्हाय. उद्यमनगरात पुष्कळ जण हायत.”

“दुसऱ्याच्या हातात देववत न्हाय, मिस्त्री. पोरगं माझं घाटात जाणार.”

तो पुढं म्हणाला, “काय खरं त्ये मला म्हाईत हाय, तुमास्नी म्हाईत हाय. झालं की.”

झालं की. आम्हा दोघांना माहीत होतं, आणि मी गेटं जोडत होतो.

तरी मी टेम्पो खड्ड्यावर घेतला. त्याच्यासाठी नाही. ते पोरगं खाली वाकून प्रत्येक गोष्ट विचारत होतं, ही नळी कशाची, हे तेल कुठं जातं. मी त्याला सगळं दाखवलं. लायनर बदलले, सिलिंडरचे रबर बदलले, नळ्यांतली हवा काढली. एक चक्कर मारून आणली. ज्ञानूनं खिशात हात घातला, तेव्हा मी त्याला थांबवलं.

“पैसं नकोत. समोरच्या टपरीवर मिस्त्री बसल्यात चहाला, सगळे जुने. तिथं जा आणि एकदा सांग, नळी कधी बांधली हुती त्ये. माझ्यासमोर नको सांगू. त्यांना सांग.”

त्यानं खिशातला हात बाहेर काढला. मग कुबडी टेकत रस्ता ओलांडून गेला. मी शेडीच्या दारातून बघत होतो. टपरीवरच्यांनी सरकून त्याला जागा दिली. कुबडी बाकाला टेकवून तो बसला. चहा आला. कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं, तो काहीतरी बोलला, सगळे हसले. त्यानं बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि उठला.

परत आल्यावर मी विचारलं, “बोललास?”

“सगळी वळखीची मानसं हायत, मिस्त्री. कसं बोलू?” तो म्हणाला.

मी किल्ली त्याच्या पोराच्या हातात दिली. टेम्पो निघाला. कोपऱ्यावर उसाची गाडी अचानक आडवी आली, तसा पोरानं ब्रेक मारला. टेम्पो सरळ, जागच्या जागी थांबला. उसाची गाडी निघून गेल्यावर तो वळला आणि दिसेनासा झाला. मी खड्ड्यावरची फळी सरकवली आणि अर्धं राहिलेलं गेट जोडायला घेतलं.